कोल्हापूरच्या उन्हाळ्यात घोडे आणि इतर जनावरे कशी सांभाळावीत

कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भाइतका प्रखर नाही, संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो आणि एप्रिल-मेमध्ये अधूनमधून वळीव येऊन जातो, या भरवशावर आपल्याकडे जनावरांच्या उन्हाळी निगेकडे थोडे दुर्लक्षच होते. वास्तविक मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत दुपारचा पारा बरेच दिवस ३७-३८ अंशांवर असतो, काही दिवस तो चाळिशीला टेकतो, आणि शिरोळ-हातकणंगल्याच्या उघड्या माळावर किंवा शहरातील पत्र्याच्या गोठ्यात जनावराला प्रत्यक्ष सोसावी लागणारी उष्णता त्याहून जास्त असते. वळिवाचाही भरवसा धरण्यात अर्थ नाही. सर येऊन गेली की हवा तासभर गार वाटते, पण लगेच ऊन पडले तर दमटपणा वाढतो, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि पारा दोन-तीन अंश उतरलेला असूनही जनावर आधीपेक्षा जास्त धापा टाकू लागते.

निगा कशी राखायची हे ठरवण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची वाट प्रत्येक जनावराची वेगळी असते. घोडा मुख्यतः घाम गाळून गार होतो. म्हशीला घाम फार थोडा येतो म्हणून ती पाण्यात आणि चिखलात डुंबते. कुत्रा आणि कोंबडी तोंड उघडून धापा टाकतात. बैल आणि गाय यांना घामही येतो आणि धापही लागते. ज्या जनावराची जी वाट, ती मोकळी ठेवणे हे मालकाचे काम. म्हशीला मानवणारी व्यवस्था घोड्याला पुरत नाही, आणि घोड्याला दिलेला उपाय कोंबडीच्या जिवावर बेतू शकतो.

घोडा: पाण्याइतकेच मीठ महत्त्वाचे

रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर फेऱ्या मारून आलेल्या घोड्याचे जीन उतरवले की तंगाच्या, म्हणजे जीन आवळणाऱ्या पोटपट्ट्याच्या, कडेने आणि छातीवरच्या पट्ट्याखाली एक पांढरी, खरखरीत रेघ उमटलेली दिसते. ते घामातून बाहेर पडलेले मीठ असते. माणसाचा घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे घाम गेल्यावर आपले रक्त दाट होते आणि लगेच तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक खारट असतो. पाणी आणि मीठ बरोबरीने निघून गेल्यामुळे रक्तातील मिठाचे प्रमाण फारसे बदलत नाही, मेंदूला तहानेची सूचना मिळत नाही, आणि अंगातील कितीतरी पाणी गमावलेला घोडा बादलीला नुसते तोंड लावून मान वळवतो. ‘घोडा पाणी पीत नाही, म्हणजे त्याला तहान नाही’ असा निष्कर्ष पुष्कळ घोडेवाले काढतात आणि तिथेच घात होतो.

म्हणून काम करणाऱ्या घोड्याच्या चंदीत उन्हाळाभर रोज साधे मीठ घालावे. आपल्याकडच्या तीनशे-साडेतीनशे किलो वजनाच्या देशी घोड्याला हलके काम असेल तर ३० ग्रॅमच्या आसपास मीठ पुरते. दिवसभर घाम येत असेल तर ५० ते ६० ग्रॅम द्यावे, मात्र ते एकदम न देता सकाळ-संध्याकाळच्या दाण्यात विभागून, थोडे पाणी शिंपडून कालवावे. एक अट मात्र कधीही मोडू नये: मीठ घातलेल्या घोड्यासमोर स्वच्छ साधे पाणी कायम असलेच पाहिजे. आधीच सुकलेल्या घोड्याला पाण्याशिवाय मीठ देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. मिठाचे पाणी द्यायचे झाल्यास ते वेगळ्या बादलीत ठेवावे आणि शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवावी, म्हणजे घोडा आपल्या गरजेप्रमाणे निवड करतो. माणसासाठीची ओआरएसची एखादी पुडी बादलीत टाकून समाधान मानू नये, कारण घोड्याने गमावलेल्या मिठापुढे ती नगण्य ठरते.

पाण्याचे मोजमाप अंदाजाने न ठेवता बादलीने ठेवावे. विश्रांतीत असलेल्या घोड्याला दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी लागते, आणि उन्हात काम असेल तर हे प्रमाण सहज दुप्पट होते. पंधरा लिटरची एकच बादली ठरवून ठेवली आणि दिवसभरात ती किती वेळा रिकामी झाली हे पागेच्या भिंतीवर खडूने मांडले, तर घोड्याचे पाणी कमी झाल्याचे आजार दिसण्यापूर्वी लक्षात येते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून उन्हात तापलेल्या नळीने आलेले पाणी घोडा नाखुशीनेच पितो. त्यामुळे नळीतील पहिले गरम पाणी बाजूला सोडून मग हौद भरावा, हौद सावलीत असावा आणि एक दिवसाआड घासून त्यातील शेवाळ काढावे.

पाणी कमी पडल्याची सर्वांत खरी बातमी लीद देते. नेहमीचे ओलसर, पडताच सहज फुटणारे गोळे लहान, कोरडे आणि कडक होऊ लागले, किंवा लीद टाकण्याचे प्रमाण कमी झाले, तर शूळ, म्हणजे तीव्र पोटदुखी, उठण्याची ही पूर्वसूचना समजावी. एप्रिलमध्ये हिरवी वैरण आटते, कडबा आणि वाळले गवत यांवर भर येतो, आणि कोरड्या वैरणीला पाण्याची जोड मिळाली नाही की आतड्यात ती अडकते. वैरण बदलायची तर आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदलावी, वाळले गवत घालण्यापूर्वी पाण्यात बुचकळून घ्यावे, आणि पायाने जमीन उकरणे, वारंवार कुशीकडे वळून पाहणे किंवा लोळणे सुरू झाले तर दाणा-वैरण तत्काळ काढून घेऊन पशुवैद्यकांना बोलवावे. घोड्याला उलटी होत नाही, हे अशा वेळी ध्यानात असावे. बाटलीने किंवा बांबूच्या नळीने काढे पाजण्याच्या प्रयत्नात पातळ औषध फुप्फुसात गेले तर शूळ बाजूला राहतो आणि न्यूमोनिया मागे लागतो.

वैरणीविषयी आणखी तीन गोष्टी सांगणे आवश्यक आहे, कारण कोल्हापुरात घोडा आणि दुभती जनावरे पुष्कळदा एकाच छपराखाली असतात. गाई-म्हशींच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचे द्रव्य असते. म्हशीला पचणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाला घातक ठरते, म्हणून पोत्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय गोठ्यातील पेंड तोबऱ्यात घालू नये. बुरशी आलेला मका तर कोणत्याही परिस्थितीत घालू नये, कारण तो घोड्याच्या मेंदूला इजा करतो. उसाचे वाडे आणि हत्ती गवत यांत ऑक्झलेट असते आणि ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. रवंथ करणारी जनावरे ते बऱ्याच प्रमाणात सोसतात, घोडा तितका सोसत नाही. फड संपेपर्यंत वाडे स्वस्त मिळतात म्हणून घोड्याला केवळ त्यावरच ठेवणे इष्ट नाही.

कामाची वेळ हा त्यानंतरचा मुद्दा. ओढकाम करणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांनुसार, जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर कामाला लावता येत नाही. दिवसाचे एकूण काम ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग काम ५ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. माझ्या मते आपल्याकडे नियमापेक्षाही पुढे जाऊन एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आत घोडा बाहेर काढू नये, कारण तीन वाजता ऊन कलते खरे, पण डांबर थंड झालेले नसते. हाताचा तळवा रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर त्या रस्त्यावर घोडा चालवू नये. या दिवसांत खूर कोरडे पडून चिरतात, त्यामुळे नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवावेच.

तापलेला घोडा थंड कसा करावा

शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६, नाडीचे ठोके २८ ते ४४ आणि गुदद्वारात मोजलेले तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. आपल्या घोड्याचे हे आकडे थंड सकाळी मोजून लिहून ठेवावेत, म्हणजे तापलेल्या दिवशी तुलना करता येते. काम थांबवून दहा-पंधरा मिनिटे झाली तरी श्वास उतरत नसेल, नाकपुड्या फुललेल्या असतील, हिरड्या चिकट झाल्या असतील, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन जागेवर येत नसेल, तर घोडा अडचणीत आहे असे समजावे. सर्वांत धोक्याचे लक्षण म्हणजे उन्हात धापा टाकणाऱ्या घोड्याचे अंग कोरडे असणे: घाम थांबला म्हणजे उष्णता बाहेर पडण्याची त्याची मुख्य वाटच बंद झाली.

अशा घोड्याचा तंग सोडून जीन ताबडतोब उतरवावे, त्याला वारा लागेल अशा सावलीत आणावे आणि मान, छाती, पाठ, कुशी, मांड्या अशा सर्वांगावर पाणी ओतावे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकले की तो आखडतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे; परंतु १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपूर्वी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला, आणि उष्ण-दमट हवेत घोड्यांना गार पाण्याने सर्वांगावर थंड करणे सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे दिसून आले. पाणी ओतणे मध्येच थांबवू नये. शक्य असेल तर दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी सतत ओतत राहावे आणि श्वास उतरू लागल्यावरच हात आखडता घ्यावा. ओले पोते किंवा टॉवेल पाठीवर पांघरून ठेवू नये, कारण ते काही मिनिटांत अंगाच्या उष्णतेने तापते आणि वारा अडवते. घोडा उभा राहू शकत असेल तर त्याला अधूनमधून चार पावले चालवावे. पाणी पिऊ द्यावे; तापलेल्या घोड्याला पाणी तोडण्याची जुनी रीत सोडून देणेच योग्य. तापमान ४० अंशांच्या वर राहिले, किंवा घोडा अडखळू लागला, तर पशुवैद्यकांची वाट पाहत बसू नये. त्यांना फोन लावून दुसऱ्या हाताने पाणी ओतणे सुरूच ठेवावे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. ताप उतरवण्याची माणसांची गोळी अशा वेळी उपयोगाची नसते, कारण हा ताप रोगाचा नसून साठलेल्या उष्णतेचा असतो.

घोडा निवल्यावर दुसऱ्या दिवशी खरारा करताना वाळलेल्या मिठाची पुटे निघतील हे पाहावे. ती राहिली तर तंगाखाली जखमा होतात. पांढऱ्या तोंडाच्या घोड्याची गुलाबी नाकपुडी उन्हाने भाजते, त्यामुळे त्याला सावलीची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

गोठा आणि म्हशी

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवणाऱ्या आणि कट्ट्यावर समोर धार काढून दूध विकणाऱ्या या शहरात म्हशीच्या निगेविषयी कुणाला सांगावे असे फारसे नाही, तरीही पत्र्याच्या गोठ्याविषयी सांगणे भाग आहे. मेमध्ये दुपारी दोन वाजता अशा गोठ्यात उभे राहून हात डोक्यावर उंच धरावा: पत्रा फेकत असलेली धग तळव्याला भाजते, आणि हीच धग म्हशीच्या काळ्या पाठीवर दिवसभर पडत असते. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा जाड थर टाकावा, किंवा निदान बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पाचट टाकल्यास आगीची भीती लक्षात घेऊन विजेच्या तारा त्यापासून दूर न्याव्यात.

नवा गोठा बांधायचा असेल तर त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आत घुसत नाही. आपल्याकडचा संध्याकाळचा वारा पश्चिमेचा असल्यामुळे त्या बाजूची भिंत छपरापर्यंत बंद करू नये. वरच्या भागात मोठी मोकळीक ठेवावी आणि बाहेर शेवगा किंवा कडुनिंब लावून कलते ऊन अडवावे. दुपारी गोणपाट ओले करून बाजूला टांगण्याची पद्धत कोरड्या हवेत चांगली आहे, पण चारही बाजूंनी गोणपाट लावून गोठा कोंदट करणे चुकीचे ठरते. फवारे बसवले असतील तर एक-दोन मिनिटे अंग भिजवून नंतर दहा-पंधरा मिनिटे पंखा चालू ठेवावा आणि हेच चक्र फिरवत राहावे. वाऱ्याशिवाय नुसते पाणी फवारल्यास हवा दमट होऊन म्हशीचा जीव अधिकच गुदमरतो, आणि वळिवानंतरच्या दिवशी तर फवाऱ्यापेक्षा पंख्याचीच गरज अधिक असते.

डुंबायला नेण्याची सोय असेल तर दुपारी बारा ते चार या वेळेत न्यावे. नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा अंगावर पाणी मारावे. दुभत्या म्हशीला दिवसाला ७० ते १०० लिटर पाणी लागते, आणि धार काढल्यानंतर लगेच ती सर्वाधिक पाणी पिते, तेव्हा त्या वेळी हौद भरलेला असावा. रवंथ करताना पोटात उष्णता तयार होते, म्हणून सुक्या वैरणीचा मोठा वाटा सूर्य मावळल्यावर आणि पहाटे टाकावा, दुपारी थोडी हिरवी वैरण पुरेशी असते. भिजवलेले आंबोण दोन-तीन तासांहून जास्त ठेवू नये, कारण या दिवसांत ते लवकर आंबते. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका राहतो, म्हणजे त्याची लक्षणे बाहेरून फारशी दिसत नाहीत; तो पहाटे आणि रात्री उशिरा पाहावा आणि रेतन थंड वेळेतच करून घ्यावे. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे कापून घालू नयेत. त्यात तयार होणाऱ्या सायनाइडने गाय-म्हैस काही मिनिटांत दगावू शकते.

एक इशारा द्यायचा राहिला. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिओसिससारख्या आजारांतही जनावर तापते आणि धापते. सावलीत आणून, पाणी मारूनही अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरला नाही, तर उन्हाला दोष न देता रक्त तपासून घ्यावे.

बैल, शेळ्या-मेंढ्या आणि घरातील प्राणी

गळीत हंगामाच्या शेवटी उसाच्या गाड्या कारखान्याच्या गाडीतळावर तासन् तास रांगेत उभ्या असतात. बैल जुंपलेला असताना तो विश्रांती घेत आहे असे समजणे चूक आहे. रांग हलत नसेल तर बैल सोडून सावलीत बांधावेत. जोतिबाच्या चैत्री यात्रेसाठी किंवा शर्यतीसाठी टेंपोतून जनावरे न्यायची असतील तर सूर्योदयापूर्वी निघावे, तळाला वाळू किंवा पाचट अंथरावे, बाजू ताडपत्रीने पूर्ण बंद करू नये आणि भर दुपारी जनावरे भरलेली गाडी थांबवून ठेवू नये. गाडी चालत असताना निदान वारा लागतो, थांबली की तोही थांबतो.

मेंढ्यांच्या अंगावरची लोकर थोडी राहिली तर ती उन्हापासून आडोसाच होते, त्यामुळे भर मेमध्ये कातरून त्यांना उघड्या रानात सोडू नये. कळप सकाळी लवकर चारून दुपारी झाडाखाली बसवावा. शेळी-मेंढीला या काळात दिवसाला पाच ते आठ लिटर पाणी लागते.

कोंबड्या उष्णतेने सर्वांत आधी मरतात. दुपारी अकरा ते चार खाद्य काढून घ्यावे, पाण्याची भांडी वाढवावीत, गर्दी कमी करावी आणि दुपारच्या वेळी कोंबड्यांना पकडून हाताळू नये. कोंबड्यांच्या अंगावर थेट पाणी न मारता छपरावर आणि बाजूच्या गोणपाटावर मारावे, मात्र दमट दिवशी पंखा अधिक हिताचा.

कुत्र्याला बंद मोटारीत पाच मिनिटेही ठेवू नये. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना धापेनेही पुरेसे गार होता येत नाही, म्हणून त्यांचे फिरणे पहाटेच उरकावे. केस मुळापासून भादरू नयेत, कारण त्यामुळे कातडी भाजते. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, ते तिला विषासमान आहे. पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे रोज घासावे, नाहीतर त्यातून रोग पसरतात आणि डास वाढतात.

मेच्या मध्यापर्यंत गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घ्याव्यात, मात्र त्या सकाळच्या थंड वेळी आणि जनावर ताजेतवाने असतानाच. मृगाच्या सरींनंतर उगवलेले कोवळे गवत पाहून जनावरे, विशेषतः घोडा, अधाशीपणे तुटून पडतात. सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्यांना सकाळी सुक्या वैरणीने पोट भरल्यानंतरच, पहिल्या दिवशी अर्ध्या तासापासून सुरुवात करून, चरायला सोडावे आणि चराईची वेळ रोज थोडी थोडी वाढवत न्यावी.